स्पीकरच्या वायरीने आवाज बदलतो का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगताना एकच अट घातली होती. रक्तदाब, साखर आणि गुडघे सोडून कशावरही बोल, म्हणाले. म्हणून मी वायरीवर बोलणार आहे. हसू नका. गेल्या दोन वर्षांत आपल्या तुकडीतल्या पाच-सहा जणांनी मला फोन करून हा एकच प्रश्न विचारला आहे. मी जन्मभर विजेच्या क्षेत्रात नोकरी केली आणि घरी ॲम्प्लिफायर खोलून बसण्याचा नाद मला आहे, हे तुम्हाला माहीत असल्यामुळे ही फोनची रांग माझ्याकडे वळली. प्रश्न साधारण असा असतो: "अरे, निवृत्तीच्या पैशातून एक चांगली म्युझिक सिस्टीम घेतोय. दुकानदार म्हणतो, स्पीकरची वायरसुद्धा तोलामोलाचीच घ्या, नाहीतर सिस्टीमचं चीज होणार नाही. घेऊ का?"

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही. आपण १९८१ साली दहावी झालो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फळीवर एक रेडिओ होता आणि त्याचं बटण वडिलांच्या किंवा आजोबांच्या ताब्यात असायचं. ते लावतील ते आपण ऐकायचं. पुढे पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर आला. मग घराचे हप्ते आले, मुलांच्या फिया आल्या आणि गाणं मागे पडलं. आता साठी आली आहे, घर शांत झालं आहे आणि हातात वेळ आहे. अशा वेळी माणूस जी सिस्टीम घेतो ती मिरवायला घेत नाही. चाळीस वर्षं राहून गेलेली इच्छा तो पुरी करत असतो. अशा माणसाला कोणी म्हटलं की या वायरीशिवाय तुम्हाला खरं गाणं ऐकूच येणार नाही, तर ते वर्मी लागतं. एका मित्राला सांगितलेली वायरीची किंमत एका स्पीकरच्या किमतीएवढी होती. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने तर मला विचारलं, "दुकानात त्याने दोन्ही वायरी लावून दाखवल्या. सगळे माना डोलावत होते. मला काहीच फरक कळला नाही. माझ्या कानातच खोट आहे का रे?"

तिच्या या प्रश्नासाठी आजचं भाषण आहे.

आधी सरळ उत्तर देतो. वायरीने आवाज बदलतो का? हो, बदलू शकतो. किती बदलतो? ते दहावीच्या गणितात बसतं. आठवा, प्रयोगशाळेत अमीटर, व्होल्टमीटर आणि रोधपेटी घेऊन आपण ओहमचा नियम पडताळून पाहिला होता. तारेचा रोध तिच्या लांबीच्या समप्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे वाक्य आपण तोंडपाठ केलं होतं. एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध भरतो सुमारे ०.०१७ ओहम. आज आपल्याला एवढा एकच आकडा पुरणार आहे.

समजा, तुमचा ॲम्प्लिफायर शोकेसमध्ये आहे आणि स्पीकर पाच मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तारेची लांबी धरायची दहा मीटर. आता तीन वायरी घेऊ. पहिली, जुन्या स्वस्त सिस्टीमबरोबर यायची तशी केसासारखी बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरची. तिचा रोध झाला ०.८६ ओहम. दुसरी, एक चौरस मिलिमीटरची. तिचा ०.१७ ओहम. तिसरी, गीझरच्या पॉइंटला इलेक्ट्रिशियन ओढतो ती अडीचची. तिचा ०.०७ ओहम.

स्पीकर साधारण आठ ओहमचा असतो. वायर आणि स्पीकर एकसर जोडणीत असतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरने दिलेला दाब दोघांत रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. बारीक वायर त्यातला जवळजवळ दहा टक्के दाब स्वतःच खाते. अडीचची वायर एक टक्कासुद्धा खात नाही.

तुम्ही म्हणाल, दहा टक्के गेले तर आवाजाचं बटण जरा पुढे सरकवू. गोष्ट एवढीच असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण स्पीकरवर लिहिलेले 'आठ ओहम' हा सगळ्या स्वरांसाठी एकच आकडा नसतो. स्पीकरचा विरोध स्वरागणिक बदलतो. खर्जातल्या एका ठिकाणी तो वीस-तीस ओहमपर्यंत चढतो आणि दुसरीकडे खूप खाली येतो. चार ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर एखाद्या स्वरपट्टीत तीन-सव्वातीन ओहमपर्यंत उतरलेला दिसतो. जिथे स्पीकरचा विरोध कमी, तिथे वायर जास्त खाते. जिथे तो जास्त, तिथे कमी खाते. म्हणजे बारीक वायर सगळा आवाज सारखा कमी न करता काही स्वर जास्त दाबते आणि काही कमी. गाण्याचा तोल बिघडतो, आणि तो आवाजाचं बटण फिरवून सुधारत नाही.

हिशेब करून पाहू. स्पीकर एका ठिकाणी ३.२ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहम आहे असं धरा. बारीक वायरीने पहिल्या ठिकाणी सुमारे २.१ डेसिबलची घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी ०.४ ची. दोन्हींतला फरक १.७ डेसिबल. हा फरक कानाला कळतो. तेच अडीचच्या वायरीने केलं तर दोन ठिकाणांतला फरक येतो जेमतेम ०.१६ डेसिबल. संगीत ऐकताना साधारण एक डेसिबलच्या आसपासचा फरक जाणवायला लागतो. शांत खोलीत लागलीच आलटूनपालटून ऐकलं तर त्याहून थोडा कमीही कळतो. ०.१६ डेसिबल हा फरक घरी गाणं ऐकताना कोणाला कळावा असा नाही.

यावरून एक सोपा ठोकताळा निघतो आणि या क्षेत्रातली मंडळी तो बऱ्याच काळापासून वापरतात. वायरीचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी ठेवा. चार ओहमच्या स्पीकरला दीडची वायर साडेआठ मीटरपर्यंत चालते आणि अडीचची चौदा मीटरपर्यंत. आठ ओहमचा स्पीकर असेल तर दोन्ही अंतरं दुप्पट करा. चौदा मीटरचा हॉल आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे? असेल तर पुढचा स्नेहमेळावा तिथेच घेऊ.

वायर ही मात्र दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही, आणि याचं उदाहरण आपल्या या मैदानावरच आहे. गॅदरिंगला आणि खेळांच्या स्पर्धांना मैदानाच्या टोकाला भोंगे लागायचे. ॲम्प्लिफायर ऑफिसजवळ आणि भोंगा दोनशे मीटरवर. एक चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर जाऊन-येऊन चारशे मीटर, म्हणजे जवळजवळ सात ओहम. आठ ओहमचा भोंगा थेट जोडला तर जवळपास निम्मा दाब वायरीतच जिरेल. मग माइकवाला काय करायचा? तो शंभर व्होल्टची लाइन वापरायचा. ॲम्प्लिफायरमधून आवाज चढ्या दाबाने पाठवायचा आणि भोंग्याजवळ छोट्या ट्रान्सफॉर्मरने तो पुन्हा उतरवायचा. शंभर व्होल्टच्या लाइनवर वीस वॅटचा भोंगा पाचशे ओहमसारखा वागतो. पाचशेपुढे सात म्हणजे काहीच नाही. धरणावरची वीज उच्च दाबाने गावापर्यंत आणतात, त्यामागचंच हे गणित. त्या माइकवाल्याने महागडी वायर आणली नाही. त्याने गणित बदललं.

आता हा वायरीचा बाजार उभा कसा राहिला तेही थोडक्यात सांगतो. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतसुद्धा लोक स्पीकरला टेबलावरच्या दिव्याची साधी वायर लावत. १९७९ च्या सुमारास नोएल ली या अभियंत्याने जाड वायरी खास स्पीकरसाठी म्हणून विकायला सुरुवात केली. त्यांचा मुद्दा मुळात खोटा नव्हता. स्पीकरबरोबर तेव्हा मिळणाऱ्या काही वायरी खरोखरच फार बारीक असत. पण पुढे जाडीची गोष्ट मागे पडली आणि किंमत पुढे आली.

१९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने याची चाचणी घेतली. कोणती वायर चालू आहे हे ऐकणाऱ्यांना कळणार नाही अशी व्यवस्था केली. तीन वायरी होत्या: एक नावाजलेली महाग वायर, एक दिव्याची साधी जाडसर वायर आणि एक २४ गेजची, म्हणजे मघाच्या आपल्या ०.२ चौरस मिलिमीटरसारखी बारीक. निष्कर्ष असा निघाला की संगीत चालू असताना महाग वायर आणि दिव्याची वायर यांत फरक ओळखता येत नाही. या दोन्हींपुढे बारीक वायर मात्र कमी पडते असं दिसतं. म्हणजे ओहमचा नियम जे सांगतो तेच कानांनीही सांगितलं.

पुढे २००७ साली जेम्स रँडी या प्रसिद्ध जादूगाराने आव्हान दिलं. बारा फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास तीन लाख रुपये पडणारी वायर आणि साधी चांगली वायर यांतला फरक न बघता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. एका समीक्षकाने आव्हान स्वीकारलंही. पण वायर बनवणारे मागे हटले, बोलणी फिसकटली आणि चाचणी झालीच नाही. न झालेल्या चाचणीवरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. न लिहिलेल्या पेपरला आपले सरही गुण देत नव्हते.

आता दुकानात जे मोठे शब्द ऐकू येतात त्यांच्याकडे येऊ. एकेक शब्द घेऊन त्याला विचारायचं, "किती?"

पहिला शब्द, ऑक्सिजनमुक्त तांबं. असं तांबं असतं हे खरं. पण विजेच्या कामाचं नेहमीचं तांबं आणि हे तांबं यांच्या वाहकतेत फरक आहे फार तर एका टक्क्याचा. पाच मीटरची वायर पाच सेंटिमीटरने आखूड कापली की तेवढाच फायदा होतो. त्यासाठी कात्री पुरते.

दुसरा शब्द, चांदी. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, पाच-सहा टक्क्यांनी. वायर पाच-सहा टक्के जाड घेतली की तीच बरोबरी होते. चांदी घ्यायचीच असेल तर ती वायरीत कोंडून ठेवू नका. घरात विचारा, कुठे हवी आहे ते लगेच कळेल.

तिसरा शब्द, दोन्ही स्पीकरच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा पोचेल. वायरीतून संकेत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर. एक वायर पाच मीटरने लांब असली तर उशीर होतो सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी पंचवीस भागांचा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरचा शंभरावा भागही पुढे सरकत नाही. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या श्वास घेता तेव्हा तुमचं डोकं त्याच्या कितीतरी पट हलतं.

चौथा शब्द, 'स्किन इफेक्ट'. वरच्या स्वरांना वीज तारेच्या कडेकडेने वाहू लागते, हे भौतिकशास्त्र खरंच आहे. पण वीस हजार हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या श्रवणाच्या अगदी वरच्या टोकालासुद्धा, तांब्यात तिची खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते. आपली अडीचची वायर मध्यापासून कडेपर्यंत एक मिलिमीटरहूनही कमी आहे. घरातल्या अंतराला त्याने पडणारा फरक नगण्य आहे.

चारही शब्दांत खोटं असं काही नाही. त्यांच्या पुढे फक्त आकडा लिहिलेला नसतो.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? मी या लोकांना खोटं म्हणत नाही. वायर बदलली आणि आवाज सुधारला असं सांगणाऱ्या पुष्कळ माणसांना खरोखरच सुधारलेला आवाज ऐकू आलेला असतो. त्याची कारणं मात्र अनेक असतात.

एक कारण जोडणीचं. जुनी वायर दहा वर्षं स्क्रूखाली बसलेली असते. टोकं काळी-हिरवी पडलेली, स्क्रू ढिला झालेला. नवी वायर लावताना ती टोकं कापली जातात, तांबं लखलखीत होतं, स्क्रू घट्ट आवळला जातो. आवाज सुधारतो आणि श्रेय नव्या वायरीला जातं. जुनीच वायर दोन सेंटिमीटर कापून, सोलून पुन्हा लावली असती तरी तेच झालं असतं.

दुसरं कारण लाल-काळ्याचं, आणि वायरीमुळे घरात होणारा हा सगळ्यांत मोठा बिघाड आहे. दोन स्पीकरपैकी एकाचे लाल-काळे उलटे जोडले गेले की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज नाहीसा होतो. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध न येता खोलीभर भटकतो. कोणी नवी वायर लावताना ते सरळ जोडलं की चमत्कार झाल्यासारखा तबल्याचा डग्गा परत येतो. हे तपासायला पैसे लागत नाहीत. ॲम्प्लिफायर बंद करा, वायर त्याच्याकडून सोडवा आणि त्या टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लाल वायरीला लावल्यावर मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. जाळीमुळे पडदा दिसत नसेल तर एकट्या गायकाचं गाणं लावा आणि एका स्पीकरचे लाल-काळे एकदा उलटून बघा. ज्या जोडणीत खर्ज भरतो आणि आवाज मध्ये येतो ती बरोबर.

तिसरं कारण आवाजाच्या पातळीचं. दोन गोष्टींतली जी जरा मोठ्याने वाजते ती माणसाला जास्त चांगली वाटते. ती मोठी वाटत नाही. स्वच्छ, भरीव, मोकळी वाटते. म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी मल्टिमीटर लावून सारखी करावी लागते. दुकानात हे सहसा कोणी करत नाही.

चौथं कारण डोळ्यांचं. बोटाएवढी जाड, सोनेरी टोकांची वायर समोर दिसते, तिची किंमत सांगितली जाते आणि मग गाणं लागतं. ऐकणं कानांत सुरू होतं, पण ते पूर्ण होतं मेंदूत, आणि मेंदूला किंमत आधीच कळलेली असते. हा कोणाचा कमकुवतपणा नाही. माणसाची घडणच अशी आहे. तुम्ही, मी, दुकानदार, सगळे त्यात आलो.

म्हणूनच डोळे झाकून ऐकायचं. पद्धत सोपी आहे. एक जण पडद्यामागे बसून नाणं उडवेल. छापा आला तर पहिली वायर, काटा आला तर दुसरी. ऐकणाऱ्याने लिहायचं, पहिली की दुसरी. असं दहा वेळा. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, चेहराही दिसू द्यायचा नाही. आता नुसत्या अंदाजाने दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६ आहे, म्हणजे सुमारे सतरा टक्के. म्हणून सात आले तर हुरळून जाऊ नका. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये फक्त ११ आहे. नऊ आले तर मीही कान टवकारेन आणि म्हणेन, पुन्हा दहा वेळा कर. पुन्हाही नऊ आले तर दोन वायरींत काहीतरी फरक नक्की आहे. मग मल्टिमीटर काढून तो शोधू, आणि बहुतेक वेळा तो रोधात किंवा पातळीत सापडेल.

आता ज्यांना सिस्टीम घ्यायची आहे त्यांच्यासाठी कामाचं सांगतो.

वायर तांब्याची, दीडची किंवा अडीचची घ्या. लाल-काळी जोडवायर मिळते. ती नसेल तर घरातल्या वायरिंगची, बारीक तारांच्या पिळाची, आयएसआय खुणेची लाल आणि काळी वायर एकत्र पिळून वापरली तरी चालते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर एक सावधगिरी बाळगा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायरही बाजारात असते. दिसते तीच, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. ती हातात हलकी लागते. एखादी तार ब्लेडने खरवडून पाहा. वरून लाल आणि आत पांढरी निघाली तर ती ही वायर. वरून पांढरी आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं.

टोकं सोलल्यावर तारांचा पीळ घट्ट द्या. एकही सुटी तार शेजारच्या टोकाला लागता कामा नये. तेवढ्याने ॲम्प्लिफायर जळू शकतो. वर्षातून एकदा सिस्टीम बंद करून स्क्रू आवळा.

आणि वाचलेले पैसे? ते स्पीकरमध्ये घाला. दोन स्पीकरच्या आवाजातला फरक लपत नाही, तो शेजाऱ्यालाही कळतो. त्याआधी फुकटातला उपाय करा: स्पीकर हलवून बघा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. भिंतीपासून हातभर पुढे घेतला की तोच स्पीकर वेगळा वाटतो. उघड्या फरशीवर सतरंजी घाला, समोरच्या काचेला जाड पडदा लावा, दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची असा त्रिकोण करा. यातल्या प्रत्येकाने पडणारा फरक डेसिबलमध्ये मोजता येतो, आणि तो वायरीच्या फरकापुढे हत्तीसारखा आहे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. दुकानात तुला फरक कळला नाही, यात कानाची खोट सिद्ध होत नाही. दोन्ही वायरी पुरेशा जाड होत्या आणि तू प्रामाणिकपणे ऐकलंस, एवढंच त्यातून दिसतं. बाकीचे माना डोलावत असताना "मला नाही कळला" म्हणणं सोपं नसतं.

पण कानांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो. लहानपणी आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. साठीत बहुतेकांची वरची मर्यादा पंधरा हजारांच्या बरीच खाली आलेली असते. हे चष्म्याच्या नंबरासारखं वयाबरोबर येतं. घाबरू नका, कारण माणसाचा आवाज, पेटी, सतार, बासरी यांचे मूळ स्वर पाच हजारांच्या आतच असतात. गाण्याचा गाभा शाबूत राहतो. तरीही बोलण्यातले 'स' आणि 'श' गोंधळत असतील, नातवाचं बोलणं पुन्हा पुन्हा विचारावं लागत असेल, टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढून घ्या. शांत खोलीत अर्ध्या तासाचं काम आहे. त्या आलेखात तुमचे दोन्ही कान डेसिबलमध्ये मोजून मिळतात. ज्याला आपल्या ऐकण्याची काळजी आहे त्याने वायरीच्या आधी हा खर्च करावा. गरज असेल तर श्रवणयंत्र लावायला लाजू नये. आपण सहावी-सातवीत चष्मा लावायला लाजलो होतो आणि फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेत होतो. ते पुन्हा करायचं नाही.

एखाद्याने हे सगळं ऐकूनही महाग वायर घेतली तर त्याच्याशी भांडू नका. हौसेला मोल नसतं. कोणी भारी पेन घेतं, कोणी भारी घड्याळ. जो माणूस हौस म्हणून घेतो त्याला आनंद मिळतो आणि त्यात कोणाचं काही जात नाही. माझं बोलणं आहे ते भीतीपोटी घेणाऱ्याशी. ही वायर नसेल तर माझं ऐकणं अपुरं, ही भीती ज्याला कोणी घातली असेल त्याने एवढंच विचारावं: किती ओहम? किती डेसिबल? डोळे झाकून ओळखून दाखवाल का?

सर, हे तीन प्रश्न विचारायला आम्ही तुमच्याच प्रयोगशाळेत शिकलो. वहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहायचं, हा तुमचा नियम मला नोकरीत रोज उपयोगी पडला. आज तो स्पीकरच्या वायरीलाही लागू पडला.

जेवणानंतर विज्ञानाच्या खोलीत दोन वायरी, एक पडदा आणि एक मल्टिमीटर मांडून ठेवला आहे. नाणं उडवायला कोणीतरी या. गाणं कोणतं लावायचं ते मात्र बाईंनी ठरवायचं.